खालून वारा

“मशीनलाही खालून वारा लागतो, कांद्यासारखा,” असं लहानू अहिरे एकदा म्हणाले होते. त्यांच्यासमोर एक गेम कन्सोल उघडून ठेवलेला होता. त्याच्या पंख्यात धुळीची, केसांची आणि अगरबत्तीच्या राखेची मऊ गादी जमली होती. ते ती चिमट्यानं काढत होते, पाखराचं घरटं हलवावं तशा हातानं.

लहानूकाका मूळचे सटाण्याकडचे. घरी कांदा. कांदा साठवायची चाळ जमिनीपासून दीड फूट उंच, तळाला बांबू, बांबूंच्या मधून वारा. एका वर्षी वडिलांनी घाईत कांदा सपाट जमिनीवरच रचला. वरचा थर पोळ्यापर्यंत चांगला दिसत राहिला. मग कुणीतरी आत हात घातला, तो मनगटापर्यंत ओला होऊन बाहेर आला. लहानू तेव्हा दहा वर्षांचा होता. तो सडका वास त्यांना पुढे जन्मभर पुरला.

नाशकात येऊन ते टीव्ही दुरुस्ती शिकले. टीव्हीमागून व्हिडिओ गेम आले, त्यामागून कन्सोल. दुरुस्त केलेलं यंत्र परत देताना त्याच्या तळाला ते लाकडाच्या दोन पट्ट्या चिकटवत. कुणी विचारलं तर म्हणत, “चाळ आहे ती.”

महात्मा गांधी रोडच्या मागे, एका जुन्या व्यापारी इमारतीत जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. ती इमारत पाडायचं ठरलं. दिवाळीपर्यंत गाळे रिकामे करायचे होते. काका चौपन्न वर्षांचे. यंत्र उघडणं सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि ते सोडून जगणं कसं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात अश्विन आला. पुण्याचा, तिशीतला, एका फार मोठ्या कंपनीचा माणूस. या कंपनीचे फोन घरोघरी होते. आता ती पहिल्यांदाच गेम कन्सोल आणत होती. बाजारात आणण्याआधी तो नाशकातल्या दहा घरांत महिनाभर ठेवून पाहायचा होता. घरं काकांनी निवडायची, पाहणीही त्यांनीच करायची. सगळं नीट झालं तर गंगापूर रोडवर कंपनीचं सेवा केंद्र निघणार होतं आणि ते काकांच्या ताब्यात मिळणार होतं.

“काका, खरं सांगा. चालेल का आमचा?”

काकांनी कन्सोल उलटा केला. पाटीसारखा पातळ. हवा घ्यायच्या फटी सगळ्या तळाला, आणि तळ सपाट टेबलाला टेकलेला.

“पाय लावायचे विसरलात का याला?”

“पाय लावले की जाड दिसतो. डिझाइन तिकडं हेड ऑफिसात ठरतं, काका.”

“तिकडं उन्हाळा असतो का?”

“एसी असतो.”

“मग चालेल की. तिकडं.”

अश्विन हसला. “एवढी मोठी कंपनी आहे. फोन चालले, मग हा का नाही चालणार?”

“फोन माणसाच्या खिशात फिरतो, अश्विनसाहेब. हा घरात नांदायला येणार. पोरगी देण्याआधी घर बघतात ना?”

पट्ट्या लावू का, असं काकांनी विचारलं. अश्विननं नकारार्थी मान हलवली. जसा आहे तसाच ठेवायचा होता.

मे महिन्याच्या मध्यात फोन यायला लागले. खेळता खेळता कन्सोल विझत होता. दहातल्या सहा घरांत. काका पहिल्यांदा पंचवटीत सिंधुबाईंकडे गेले. त्या त्यांच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाईक. नात सायली कॉलेजात होती, खेळणारी तीच. कन्सोल शोकेसमध्ये होता, त्यावर पोपट विणलेला रुमाल, आणि खेळ चालू. काकांनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

“काकू, यावर रुमाल कशाला?”

“वा रे वा! तूच सांगून गेलास ना? माझा पहिला टीव्ही दुरुस्त केलास तेव्हा. काकू, धूळ म्हणजे वैरी, झाकून ठेवा. तेव्हापासून मी मिक्सरसुद्धा उघडा ठेवला नाही.”

“काका, आजी फ्रिजच्या हँडललाही झबलं घालते,” सायली म्हणाली.

“तू गप गं.”

“काकू, टीव्ही बंद केल्यावर झाकायचा होता.”

“हे नव्हतं सांगितलंस.”

नव्हतं सांगितलं. बाकीच्या पाच घरांतही तेच निघालं. कुठे टॉवेल, कुठे जुन्या साडीचा तुकडा. सगळी त्यांची जुनी घरं. उरलेल्या चार घरांत एसी होता, तिथून तक्रार नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वीचं त्यांचं एक अर्धवट वाक्य त्या घरांतून अजून जपून ठेवलेलं होतं.

काकांनी सहाही घरांत रुमाल काढून पाहिला. दुपार झाली की कन्सोल तरीही विझत होता, फक्त जरा उशिरा. मग त्यांनी खाली दोन पट्ट्या ठेवल्या. तो चालत राहिला. शेवटी पट्ट्या तशाच ठेवून वर रुमालही टाकला. तरी चालत राहिला. हे सगळं त्यांनी स्वच्छ अक्षरात अहवालात लिहिलं. झाकायला आपणच सांगितलं होतं, हेही लिहिलं.

चार दिवसांनी अश्विनचा फोन आला. आवाज खाली गेलेला होता.

“काका, साचे तयार झालेत. पाय आता लावता येणार नाहीत. तुमचा पट्ट्यांचा भाग वरच्यांनी काढलाय. सहा घरांपुढे ‘वापरातील चूक’ एवढंच ठेवलंय. सोमवारी मीटिंग आहे, तुमची सही लागेल. मग केंद्राच्या चाव्या.”

काकांनी हे सिंधुबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं.

“मग लिही ना माझं चुकलं म्हणून. म्हातारीला काय होतंय? तुझं दुकान जातंय ना?”

काका उठले. पाणी प्यायले आणि निघाले.

सोमवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात ते वेळेवर पोचले. इस्त्रीचा सदरा, हातात रोजची पिशवी. खोली थंडगार होती. टेबलाच्या मधोमध कन्सोल चालू होता, त्याच्या दिव्याची निळी रेघ जळत होती. वरचे तिघे साहेब आपापल्या पडद्यात बघत होते. अश्विननं कागद पुढे सरकवला.

काकांनी यादी वाचली. सिंधुबाई, पंचवटी. वापरातील चूक. खाली आणखी पाच नावं, प्रत्येक नावापुढे तेच दोन शब्द. पट्ट्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. त्यांनी पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

“इथं, काका. फक्त सही,” अश्विन म्हणाला. त्याला वर बघता येत नव्हतं.

काकांनी पेनचं टोपण काढलं. यादी पुन्हा एकदा वाचली. मग टोपण परत लावून पेन कागदावर आडवं ठेवलं. पुढे वाकून कन्सोल एका हातानं उचलला आणि तळाला तळहात लावून पाहिला. इतक्या गारव्यातही तळ गरम होता. पिशवीतून त्यांनी लाकडाच्या दोन पट्ट्या काढल्या, समांतर ठेवल्या, त्यांवर कन्सोल अलगद टेकवला.

“काका?” अश्विन म्हणाला.

लहानूकाकांनी पिशवी उचलली, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, आणि ते बाहेर पडले.