आत घेतलेली पँट

आमचे हे शिंपी. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नुसत्या नजरेने माप सांगतील, पण स्वतःचं काही सांगतील तर शपथ! छातीत दुखायचं तेही "गॅस झालाय" म्हणून दाबून ठेवलं. शेवटी बायपास झाली. सुखरूप घरी आले आणि मी हुश्श केलं.

पण जेवायला बसले की, "बास, हृदयावर भार नको." अंडं नको, दूध नको, डाळीचं नुसतं वरचं पाणी. मी ओरडायचे, पण कपडे बघावेत तर अंगाला चापूनचोपून बसलेले. म्हटलं, तोंड उतरलंय खरं, पण अंगाने आहेत तसेच आहेत.

अंगात त्राण काही येईना. छातीवरची जखम खालच्या टोकाला ओलसरच. घरच्या मशीनवर बसले की एक कॉलर लावून आडवे. दुकान पुन्हा उघडतंय की नाही, याचीच मला धास्ती.

एकदा धुवायला त्यांची पँट उलटी केली आणि डोकंच फिरलं. मागच्या शिवणीत टिपेवर टीप! वजन घटेल तशी हे महाशय पँट आत घेत होते. शर्टांचीही तीच गत.

"अहो, जगाला फसवा, बायकोला कशाला?"

"उगाच काळजी करशील म्हणून."

तसंच हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि पँट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर टाकली. त्या आधी हसल्या, मग वजन बघून गंभीर झाल्या. "काका, तेल-तूप कमी करा म्हटलं होतं, जेवण नाही. अंगात काही गेलंच नाही तर जखम भरणार कशी? डाळ, अंडं, दूध रोज पोटात गेलं पाहिजे."

बाहेर बाकावर हे हळूच म्हणाले, "भीती वाटायची गं. प्रत्येक घासाला वाटायचं, हाच नडणार."

इतकी वर्षं संसार केला, पण घाबरलोय असं कधी यांच्या तोंडातून निघालं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे पळाला. "मला सांगायचं ना, वेड्या माणसा," एवढंच बोलता आलं.

घरी आल्याआल्या मी सगळ्या टिपा उसवल्या, आता लपवाछपवी बंद. बिचारे पँट हाताने धरून घरभर फिरायचे, मला हसू आवरायचं नाही. हळूहळू खायला लागले. जखम सुकली, दुकान उघडलं.

काल मी दुकानात डबा घेऊन गेले, तर गिऱ्हाईक घाईवर आलं होतं. हे म्हणाले, "जरा बसा हो, माझी जेवायची वेळ झाली."

जन्मात कधी गिऱ्हाइकाला थांबवलं नव्हतं यांनी. डबा उघडता उघडता मला रडूच फुटलं.