माझा उलटा पंखा

वागळे इस्टेटमध्ये गाड्यांचा एक वायरमन होता. माणूस जागेवर उभाच राहायचा नाही. बोलताना टेस्टर मांडीवर टकटक आपटायचा.

माझी शाळेची व्हॅन तापायची. पोरं दोनदा अर्ध्या रस्त्यात उतरवलेली. पालक म्हणालेले, "तिसऱ्यांदा झालं तर दुसरी व्हॅन बघू." म्हणून मी शहाण्याने रेडिएटरपुढे जादा पंखा स्वतःच बसवला. व्हॅन अजूनच तापायला लागली.

वायरमनने पंख्यासमोर कागद धरला. कागद उडून माझ्या तोंडावर आला.

"शेठ, हा हवा आत ओढतोय का बाहेर फेकतोय?"

"फिरतोय ना पण!"

"फिरतोय. तुमच्यासारखा."

वायरी मी उलट्या जोडलेल्या. त्याने बदलल्या, मधे फ्यूज टाकला. शाळा सुटायची वेळ झालेली. मी निघालो, तर हा दुकानाचं शटर ओढून मागे येऊन बसला. "पोरं भरल्यावर खरं कळेल."

पोरं घेऊन येताना दप्तरांमध्ये अडकून, मान खिडकीबाहेर काढून तो पंखा ऐकत होता. तीन हात नाक्याला अडकलो. तापमानाचा काटा चढायला लागला. मग काटा थांबला आणि हळूच उतरला.

खुशीत मागे वळलो, तर हा उतरून गाड्यांमधून चाललेला. मला थँक्यू सुचेना, मी हॉर्न वाजवला.

तो न वळता ओरडला, "पुढे बघा, सिग्नल सुटला!"