परवाना नसलेली मानसशास्त्रज्ञ

परवान्याच्या अर्जाला तिसऱ्यांदा नकार आला, तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. इथे मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला परवाना लागतो, आणि माझी पीएचडी तत्त्वज्ञान विभागातली. प्रबंध अमेरिकेतल्या पहिल्या पिढीच्या मानसशास्त्रज्ञांवर होता. आपण तत्त्वज्ञ, डॉक्टर की प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ, हेच त्यांना ठरवता येत नव्हतं. वसईत बसून लिहिताना मला त्यांची गंमत वाटायची.

दुबईशेजारच्या अजमानला आल्यापासून मी एका बांधकाम कंपनीत एचआरमध्ये होते. त्या संध्याकाळी मुलगी शाळेचा फॉर्म घेऊन आली. "मम्मी, व्हॉट आर यू, एक्झॅक्टली?"

"एचआर लिही."

"बट यू हेट इट."

मी तिच्यावर इतकी ओरडले, की ती न जेवताच झोपली.

पुढच्या आठवड्यात कंपनीने मला दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पवर पाठवलं, उन्हाळ्यात घ्यायच्या काळजीवर बोलायला. सगळे उठून गेले, तरी माझ्याच वयाचा एक प्लास्टरवाला बसून राहिला.

"मॅडम, आप दिमाग की डॉक्टर हो?"

"नहीं."

"तो किससे बोलूँ?"

बायको गावाला वारली, त्याला जाता आलं नव्हतं. आता परांचीवर उभं राहिलं की हात सोडून द्यावासा वाटतो, म्हणाला. परवान्याशिवाय उपचार करणं गुन्हा, हे मला तोंडपाठ होतं. मी त्याला एकटं सोडलं नाही. सुपरवायझरला सांगितलं आणि गाडीत बसवून थेट हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"कंपनीतून आलेय."

"मग बाहेर थांबा."

त्याने माझी ओढणी धरली होती. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि बाहेर आले. बाकड्यावर बसून रडले. त्याच्यासाठी थोडं, स्वतःसाठी जास्त.

उपचार सुरू झाले. महिन्याभराने कंपनीने त्याला रजेवर घरी पाठवलं. "खलास, केस क्लोज करा," मॅनेजर म्हणाले. तो मात्र दर शुक्रवारी गावाहून फोन करायचा. काय जेवला, मुलगी काय म्हणाली, ते सांगायचा. मी फक्त ऐकायचे.

नवऱ्याने परवान्याचा चौथा अर्ज आणून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "नाही भरणार."

"मग करणार काय?"

"माहीत नाही रे," मी म्हटलं, आणि खरंच माहीत नव्हतं.