बॅग न घेता अक्कांकडे

डिग्रीसाठी मला एक कुटुंब हवं होतं. एकच, आणि तेही सहा महिन्यांपुरतं.

नर्सिंगचा डिप्लोमा करून मी बरीच वर्षं वॉर्डात पाय झिजवले होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, नोकरी करता करता पोस्टाने बी.एस्सी. नर्सिंग करायची सोय झाली तेव्हा मी कुणालाही न विचारता अर्ज टाकून दिला. मला पुढे शिकवायचं होतं, मुलींना नर्स करायचं होतं, आणि त्यासाठी डिग्री लागत होती. मेट्रनबाई म्हणाल्या, "या वयात?" मी तेहतिशीची होते. "मग मॅडम, म्हातारी झाल्यावर करू का?" असं मी तोंडावर बोलले आणि पुढचा महिना मुकाट्याने नाइट ड्यूट्या केल्या. तोंड माझं आधीपासूनच फटकळ. आई असताना म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही म्हणून बरं, नाहीतर तेही मोडलं असतं.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी मिरज सोडून बंगलोरला आले. मिरजेला भाऊ-वहिनी होते, पण ते त्यांच्या संसारात. हॉस्टेलमध्ये सगळ्या केरळच्या मुली. स्वभावाने सोन्यासारख्या, घरून आलेलं लोणचं आधी माझ्या ताटात वाढायच्या. पण हसायच्या त्यांच्या भाषेत. मग कुणीतरी मला इंग्रजीत समजावून सांगायचं की एवढं हसू कशाचं आलं, आणि तोवर विनोदात काही राम उरलेला नसायचा. मला फार एकटं वाटायचं. त्याला दुसरा शब्द नाही. सुट्टीच्या दुपारी जयनगरच्या बाजारातून नुसती हिंडायचे आणि घ्यायचं काही नसताना भाव विचारायचे. भाव विचारला की समोरचं माणूस दोन वाक्यं तरी बोलतं.

तर ते कुटुंब. अभ्यासक्रमात असं होतं की एका घरी सहा महिने दर आठवड्याला जायचं, त्या घरातली दुखणी-खुपणी ओळखायची, काळजी कशी घ्यायची ते शिकवायचं, आणि त्यांचं त्यांना जमायला लागलं की शेवटची भेट देऊन थांबायचं. नियम कडक होते. आपण किती दिवस येणार हे पहिल्याच दिवशी सांगायचं. त्यांच्या घरी काही खायचं-प्यायचं नाही. भेटवस्तू घ्यायची नाही.

अक्का मला वॉर्डात सापडल्या. चपलेने अंगठ्याला जखम झालेली, त्यात मधुमेह. मी ड्रेसिंग सोडवत होते आणि वरून आवाज आला, "अय्यो, हळू की गं! पाय आहे माझा, लाकूड नव्हे!"

माझा हात थांबला. "तुम्ही मराठी?"

"मग काय! पाच पिढ्या झाल्या इथं. तू कुठली?"

मिरज म्हटल्यावर त्यांनी मिरज किती लांब, घरी कोण कोण, लग्न का नाही केलं, सगळं विचारून घेतलं. तोवर ड्रेसिंग उरकलंही. जयनगरच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. पुढे शिलाईचं दुकान, मुलगा शाळेचे गणवेश शिवायचा. मागे दोन खोल्यांत अक्का आणि सूनबाई. मधुमेह, जखम, घरात काळजी घेणारं माणूस, अभ्यासक्रमाला हवं ते सगळं होतं. पण मी ते घर निवडलं ते त्या "हळू की गं"साठी.

उगादी, म्हणजे आपला पाडवा, झाल्यावर मी पहिल्यांदा गेले. पुस्तकात लिहिलं होतं तसं सांगितलं, "अक्का, मी दसऱ्यापर्यंत येणार. मग माझं काम संपलं."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. "आता बस की स्वल्प."

बसायच्या आधी मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर अभ्यासक्रमाच्या सेंटरने दिलेली काळी बॅग ठेवली, साबण काढून हात धुतले आणि मग बाकीचं सामान बाहेर काढलं. बॅगेची ही रीतच असते. सूनबाई दारात उभी राहून हे सगळं पूजा बघावी तसं बघत होती. मग तिने विचारलं, "सिस्टर, कॉफी?"

"नको. नियम आहे."

दर आठवड्याला ती विचारायची आणि दर आठवड्याला मी नाही म्हणायचे. आत कॉफीच्या डिकॉक्शनचा वास सुटलेला असायचा. हॉस्टेलच्या पाणचट चहावर दिवस काढणाऱ्या बाईला तो वास म्हणजे छळच होता. अक्का चिडायच्या. "काय पोर गं ही! आमच्या घरचं पाणी पण चालेना हिला!" मी हसून विषय बदलायचे आणि त्यांचे पाय बघायला घ्यायचे.

मी त्यांना रोज पाय धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला शिकवलं. तळव्याखाली हातआरसा धरून चीर पडली का ते बघायला शिकवलं. "जन्मात तोंड इतकं पाहिलं नाही आरशात, आता तळपाय बघते," असं म्हणत म्हणत त्या शिकल्या. साखरेचं मात्र अवघड होतं, कारण अक्का चोरून खायच्या. शेवटी मी सूनबाईला इतकं धारेवर धरलं की तिने साखरेचा डबा उचलून शेजारणीकडे नेऊन दिला. घरात साखरच नको. सगळ्यांची कॉफी बिनसाखरेची. मुलगा मशीनवरून ओरडला, "सिस्टर, मधुमेह आईला आहे, मला नाही!" आम्ही तिघी खूप हसलो. मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

पावसाळा संपत आला तसा अंगठा भरून आला. साखर आटोक्यात आली. आता माझं काम काय उरलं? मी शोधायला लागले. सूनबाईच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, फिकट वाटल्या, मग तिला पालेभाज्या आणि गूळ-शेंगदाण्यांवर भाषण दिलं. मुलगा वाकून बसतो म्हणून त्याच्या पाठीचं दुखणं काढलं. अहवालात त्याचाही एक प्रश्न, त्यावरही एक उपाय. सेंटरवर आमचं काम तपासणाऱ्या मॅडम होत्या, त्यांनी तो अहवाल वाचून चष्मा खाली घेतला. "हे लोक बरे आहेत. तू तिथं अजून काय शोधतेस? दसऱ्याला थांबव. नाहीतर प्रॅक्टिकलला बसता येणार नाही, वर्ष फुकट जाईल."

मला राग आला. त्यांचा नाही, त्या बरोबर बोलत होत्या म्हणून आला.

आमचे काही वर्ग टीव्हीवर व्हायचे. दूरच्या शहरातल्या स्टुडिओत बाई बसायच्या, आम्ही सेंटरवर त्यांना बघायचो, आणि प्रश्न असला तर फोन लावायचा. त्या आम्हाला दिसायच्या, आम्ही त्यांना नाही. त्या शनिवारी खोलीत मी एकटीच होते. बाकीच्यांना सुट्टी मिळाली नसावी. बऱ्याच वेळाने फोन लागला आणि टीव्हीतून माझाच आवाज ऐकू आला. मी विचारलं, "मॅडम, भेटी बंद करणं कुटुंबाला जड गेलं तर काय करावं?"

बाई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मुदत सांगितली असेल तर कुटुंबाची तयारी झालेली असते. तरीही जड जात असेल, तर ते कुणाला जातंय हे नर्सने आधी स्वतःला विचारावं. धन्यवाद, बंगलोर." आणि त्या पुढच्या शहराकडे वळल्या. मी रिकाम्या खुर्च्यांमध्ये फोन हातात धरून बसून राहिले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिथं बघायला कुणी नव्हतं तरीसुद्धा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी शेवटची गेले. बसमध्ये वाक्यं जुळवत होते, अक्का, वाईट वाटून घेऊ नका, असं काहीबाही. दारात पाऊल टाकलं तर अक्का नवं लुगडं नेसून बसलेल्या. शेजारी ताटात हळदकुंकू, नारळ आणि खण.

"उद्या दसरा," त्या म्हणाल्या. "तूच सांगितलंस ना, दसऱ्यापर्यंत?"

त्यांच्या पक्कं लक्षात होतं. विसरले होते ती मी. मग त्यांनी मी न सांगताच आपले पाय धुतले, बोटांच्या बेचक्या टिपल्या, आरसा धरून तळवे तपासले. मी एक तरी चूक सापडते का बघितलं. अगदी मनापासून बघितलं. एकही नव्हती.

"ओटीतलं काही घेता येणार नाही, अक्का. नियम आहे."

"अगं, रीत असते ती."

"अहवालात लिहावं लागतं. मी खोटं लिहीत नाही."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, ताट बाजूला सरकवलं आणि नुसतं कुंकू लावलं. सूनबाईने दारात हळूच विचारलं, "कॉफी?" मी नकारार्थी मान हलवली. वर्तमानपत्र घडी करून बॅगेत ठेवलं आणि बाहेर पडले. बॅग त्याच दिवशी सेंटरला जमा केली.

तोंडी परीक्षेत परीक्षकबाईंनी विचारलं, "कुटुंब आता तुमच्याशिवाय सांभाळतं?"

"हो, मॅडम."

"कशावरून?"

मी आरशाचं सांगितलं, साखरेच्या डब्याचं सांगितलं. "व्हेरी गुड," त्या म्हणाल्या. त्या दोन शब्दांसाठी मी वर्षानुवर्षं ड्यूटीवरून येऊन डोळे चोळत पुस्तकं वाचली होती. मी बाहेर नळावर गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

डिग्री रजिस्टर पोस्टाने आली. खोलीतल्या दोघी ड्यूटीवर होत्या. वॉर्डनने सही घेतली आणि पाकिटाकडे बघितलंही नाही. एसटीडी बूथवरून भावाला फोन केला तर तो म्हणाला, "छान झालं. पगार वाढेल ना?" वाढेल, म्हटलं. खोलीवर येऊन पलंगावर बसले, कागद पुन्हा वाचला. माझंच नाव होतं. आई असती तर तिने गल्लीभर पेढे वाटले असते.

मग उठले, इस्त्रीची साडी नेसले आणि जयनगरला गेले. गल्लीच्या तोंडावरून एकदा परतही फिरले. ज्यांचं माझ्यावाचून काही अडत नाही, हे मीच शपथेवर सांगून आले होते, त्यांच्याकडे काय म्हणून जायचं? पण पाय पुन्हा तिकडेच वळले.

सूनबाईने दार उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. "सिस्टर? काय झालं? आमचं तर सगळं बरं आहे." तिची नजर माझ्या हाताकडे गेली. ती बॅग शोधत होती.

पर्समध्ये डिग्री होती. ती दाखवायला आले असं म्हटलं असतं तर शोभून दिसलं असतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"कॉफी प्यायला आलेय."

आतून अक्कांचा आवाज आला, "कोण गं?"

"सिस्टर. कॉफी मागतायत."

"डिग्री मिळाली काय गं?"

"मिळाली, अक्का."

"बघा बाई! आमच्या घरची कॉफी प्यायला हिला डिग्री लागली! आत ये की, दारात काय उभी?"

मी जमिनीवर बसले. हात आपोआप वर्तमानपत्र शोधायला गेला, मग मांडीवर ठेवून दिला. सूनबाईने स्टीलच्या पेल्यात वाफाळती कॉफी आणून दिली. साखर नव्हती. मागणार कुठल्या तोंडाने? डिकॉक्शन चांगलं घट्ट होतं. कडू लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि अक्का सुनेला सांगत होत्या, "बघ, चटका बसला तिला." मी पेला रिकामा केला आणि आणखी अर्धा मागितला.