काकूंच्या तीन जीप

"गाडीत कुरकुर करायची नाही. ते काम गाडीचं," असं म्हणत काकू पदर कमरेला खोचायच्या आणि उडी मारल्यासारख्या जीपमध्ये चढायच्या. देवळाली कॅम्पात आमच्या शेजारी राहणाऱ्या या बाईंना तुम्ही पाहिलं असतं, तर आधी हसला असता आणि मग निमूट मागे जाऊन बसला असता.

पहिली जीप त्यांच्या यजमानांनी लष्करी लिलावातून आणलेली. वर ताडपत्री, दारं नाहीत, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता यायची. यजमान तोफखान्यातले, पण बाजाराच्या गर्दीत गाडी घालायची म्हटली की त्यांना घाम फुटायचा. म्हणून काकू शिकल्या.

"दारं नव्हती तेच बरं," त्या सांगायच्या. "भाजीचा भाव करायला खाली उतरावं लागत नसे."

दुसरी डिझेलवरची. पत्र्याचा टप, मागे समोरासमोर बाकं, आणि बोलायचं तर ओरडून. यजमान गेल्यावर ती काकूंचीच झाली. पण त्या एकट्या कधी फिरल्या नाहीत. मागे गल्लीतल्या आम्ही साऱ्याजणी कोंबलेल्या असायचो.

पहिल्या बाळंतपणाला मी सायखेड्याला माहेरी होते. एका रविवारी काकू माझ्या नवऱ्याला घेऊन मला भेटायला आल्या. दुपारी अवकाळी पाऊस कोसळला आणि दिवस भरायच्या आधीच मला कळा सुरू झाल्या. आमच्या मळ्यापासून डांबरी सडकेपर्यंत सगळी काळी माती. अँब्युलन्स सडकेवरच अडकली.

"वाट नाय राहिली, ताई. नुसता चिखल हे," वडील काकूंना म्हणाले.

"मग वाटेनं नको. बागेतून जाऊ."

द्राक्षं ऐन भरात होती. वडिलांनी पक्कड आणली आणि कडेच्या ओळीच्या तारा तोडल्या. काकूंनी गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला, तशी चारही चाकं जोर लावायला लागली. गाडी घसरत, डुलत निघाली. मी ओठ दाबून बसले होते.

मान न वळवता काकू म्हणाल्या, "आज तू कुरकुर कर. ओरड, हवं तेवढं. गाडीला मी गप्प करते."

सडक गाठली. संध्याकाळी दवाखान्यात मुलगी झाली.

तिसरी जीप काकूंनी साठीनंतर घेतली. एसी, समोर नकाशा दाखवणारा पडदा, गाडी मागे घेताना टुकटुक सूचना. "ही मला शिकवते, बघ," म्हणायच्या आणि काचा खाली करून हिंडायच्या.

एकदा फाटकातून निघताना डावीकडून येणारा सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. तो वाचला, हसून निघूनही गेला. काकूंनी मात्र इंजिन बंद केलं, खाली उतरल्या आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"डावा डोळा रजेवर गेलाय," एवढंच म्हणाल्या.

मग मी चालवायची आणि त्या शेजारी बसायच्या. माझ्या चालवण्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही. फक्त वळण आलं की त्यांचा उजवा पाय हळूच खाली दाबला जायचा, तिथे नसलेल्या ब्रेकवर.

या हिवाळ्यात काकू गेल्या. परवा बाजाराच्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि नजर आपोआप डावीकडे खाली गेली. तिथे कोणाचा पाय नव्हता. मी वेग अजून थोडा कमी केला.