तळाशी गाळ असलेली बाटली

ते प्रकरण आठवलं की आजही मी खुर्चीत सावरून बसतो. नाशकात तेव्हा वाइनचे कारखाने नुकतेच जोर धरू लागले होते आणि मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

एक बडा हॉटेलमालक तणतणत फिर्याद द्यायला आला. त्याने एका व्यापाऱ्याकडून फ्रान्सच्या नावाजलेल्या मळ्यातल्या जुन्या लाल वाइनची डझनाची पेटी घेतली होती. किंमत ऐकून आमच्या हवालदाराने पेनच खाली ठेवलं. पाहुण्यांसमोर मालकाने पहिली बाटली उघडण्याआधी उजेडात धरली, तर तळाशी काळपट गाळ!

"स्टोअरकीपरनेच माल बदलला, साहेब. किल्ली त्याच्याकडेच असते."

व्यापाऱ्यानेही जबाब दिला, की अकरा बाटल्या चोख आहेत, ही एक भेसळीची, कुणीतरी नंतर घुसवलेली.

स्टोअरकीपर घोटीकडचा. मालकाने त्याला सगळ्या नोकरांसमोर चोर म्हटलं होतं. त्याची आई ठाण्याच्या बाकावरून हलत नव्हती. तो एकच वाक्य धरून होता, "साहेब, म्या बाटलीला हात नाय लावला." खोटं बोलणारा माणूस गोष्ट वाढवत नेतो, हा माझा अनुभव. हा पठ्ठ्या काहीच वाढवत नव्हता. पण पुरावा त्याच्याविरुद्ध होता आणि सकाळी त्याला अटक दाखवायची की नाही, ते मला ठरवायचं होतं.

तेवढ्यात एका बाईंचा फोन आला. "मी त्या जेवणाला होते. तुम्ही भलत्याच माणसाला धरलंय."

या बाई गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत वाइन बनवत. मी तडक जीप काढली. त्यांनी फ्रान्समधल्या नेमक्या त्याच मळ्यावर एक हंगाम काढला होता! त्या सांगत गेल्या आणि माझा चहा निवून गेला. आपल्याकडे कुणी कुळीथही पेरणार नाही अशी खडीची जमीन. घड हातानेच खुडायचे. वाइन ओकच्या पिंपांत मुरवायची आणि अंड्याचा पांढरा बलक घालून निवळवायची. म्हातारी मालकीणबाई प्रत्येक पिंपातली वाइन स्वतः चाखणार, पसंत पडली नाही तर मळ्याचं नाव लावू देणार नाही.

"एवढं निवळवल्यावर गाळ कसा?" मी विचारलं.

"अहो, इतकी वर्षं बाटलीत राहिली की ही वाइन गाळ धरणारच. नसला तर मला शंका येते. बाकीच्या अकरा बघितल्यात का?"

मी तसाच उठलो. ठाण्यात येऊन एकेक बाटली दिव्यासमोर धरली. अकराही बाटल्यांत कणभर गाळ नव्हता!

सकाळी व्यापाऱ्याला बोलावलं. पंच बसले, टेबलावर बाराही बाटल्या मांडल्या.

"शेठ, एक बाटली तपासणीला पाठवतोय. अस्सल निघाली तर तुम्ही सुटलात. तुमचा भरवसा असेल ती द्या."

शेठला घाम फुटला. हात या बाटलीवरून त्या बाटलीवर फिरला आणि शेवटी गाळाच्या बाटलीवर येऊन थांबला.

"ही पाठवा."

"ही? हिलाच काल भेसळीची म्हणालात ना?"

शेठ मटकन खाली बसला. मग भडाभडा बोलला. फ्रेंच वाइनच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून तो त्यांत इथलीच स्वस्त वाइन भरायचा. पेटीत एकच अस्सल ठेवायचा आणि 'हीच आधी उघडा' असं गिऱ्हाइकाला सांगून द्यायचा. गाळ अस्सल मालाचा, असं कबूल केलं तर बाकीच्या बाटल्यांचं बिंग फुटणार, म्हणून त्याने गरिबावर ढकललं. दुपारी ओझरजवळच्या शेडवर आम्ही छापा घातला. बाटल्या, बुचं, लेबलं, सगळा मुद्देमाल हाती लागला. काय आनंद झाला म्हणून सांगू!

हॉटेलमालक ठाण्यात आला. स्टोअरकीपरला म्हणाला, "झालं गेलं विसर. उद्यापासून कामाला ये."

तो जागचा हलला नाही. "मालक, चोर सगळ्यांम्होरं म्हणलात. आता नाय म्हणायचं ते बी सगळ्यांम्होरंच म्हणा."

"चला, मीही येतो," मी टोपी घातली.

हॉटेलच्या मागच्या अंगणात आचारी, वेटर, माळी सगळे जमले; स्टोअरकीपरची आईही आली. मालकाने हात जोडले. "हा चोर नाही. चूक माझी आहे." टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका.

छाप्याबद्दल मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली. पण गुन्हेगार पकडणं हे पोलिसाचं अर्धंच काम, हे मला त्या अंगणात कळलं. उरलेलं अर्धं काम तिथे आईचा हात धरून ताठ मानेने उभं होतं.