व्याह्यांचं नाक

आमच्या व्याह्यांसारखं नाक राळेगाव तालुक्यात दुसरं जन्माला आलं नाही. सुनेचे वडील म्हणून मान द्यावा लागतो, नाहीतर गावानं त्यांना केव्हाच एसटीत बसवून दिलं असतं. लेकीकडे राहायला आले की कामधंदा एकच. गल्लीत कोणी कचरा पेटवला की हे खाटेवर उठून बसणार. "गुटख्याच्या पुड्या हायेत... आता चप्पल टाकली!" आणि पाण्याचा गडवा घेऊन चालले विझवायला. एकदा मारुतीपुढे गोवऱ्यांच्या जाळात रोडगे भाजत होते, तर त्यावरच गडवा ओतला. बायका अंगावर धावल्या. ह्यांनी राखेतून अर्धी जळलेली प्लास्टिकची पन्नी काढून दाखवली, "हे काय, रोडग्याले तूप लावलं काय वो बाई?" सारा गाव उशिरा जेवला, पण पन्नी कोणी टाकली ते कोणी बोललं नाही.

आमची नात दम्याची. धूर झाला की पोरीची छाती वाजते, सून तोंडाला पंप लावते. मला हे ठाऊक होतं. तरी बायकोची तेरवी आटोपली नि मी तिची फोमची गादी, औषधाच्या रिकाम्या पट्ट्या, फुटकी बादली, लुगडी, सारं परसात नेऊन टाकलं. गेलेल्या माणसाचं अंथरूण जाळायचंच असतं. आणि मला ते डोळ्यांपुढे नकोच होतं. काडी ओढली, तर मागून गडवा माझ्या हातावर.

"इवाई, बायको माही मेली! तुम्ही कायले मधात येता?"

"द्या शिव्या. पण इहीणबाईनं या पोरीसाठी किती रात्री जागून काढल्या. आता तिच्याच गादीचा धूर पोरीच्या छातीत भरता काय?"

काडेपेटी भिजली होती, डोळेही.

गादी व्याह्यांनी स्वतःच्या खाटेवर टाकली. म्हणे, "इहीणबाई भूत होऊन आलीच, तं चहा मांडायले सांगतो." बादली नि पट्ट्या भंगारवाल्यानं नेल्या. लुगड्यांची सुनेनं गोधडी शिवली. परसात खड्डा केला, खरकटं, पालापाचोळा त्यात जातो, वर दोडक्याचा वेल चढलाय. शेजारच्यांनीही आता खड्डे केलेत. पटलं म्हणून की गडव्याच्या धाकानं, देव जाणे. नात संध्याकाळी अंगणात पळते, पंप खुंटीला लटकून असतो.

व्याही आपल्या गावी गेले, पण रोज फोन येतो. "वास येऊन राह्यला का?" मी परसात जाऊन नाक वर करतो आणि सांगतो, "नाही येत."

खोटं सांगतो. नात गोधडी पांघरून जवळ येऊन बसली की येतो ना वास. हळदीचा, कातसुपारीचा. सून म्हणते धुऊन टाकू. मी धुवू देत नाही.